दोन ब्रेकची गाडी

गाडीतलं मला सगळं कळतं. हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. माझ्याकडे काडेपेटीएवढं एक यंत्र आहे. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात ते खोचलं की गाडीच्या पोटातलं सगळं माझ्या मोबाइलवर दिसायला लागतं. इंजिन किती तापलंय, हवा किती आत जातेय, कुठलं पेडल किती दाबलंय, सगळं! डॉक्टर छातीला नळी लावून जे करतात तेच, फक्त इथे पेशंट खोकत नाही. हे यंत्र आणल्यापासून आमच्या इमारतीतल्या प्रत्येक गाडीची मी फुकट तपासणी केली आहे. हल्ली मी खाली उतरताना दिसलो की लोक घाईघाईने गाड्या बाहेर काढतात.

तर बाबांची गाडी विकायची ठरली तेव्हा मी बायकोला म्हटलं, हे एका सकाळचं काम. न्यायची, पोचवायची, हात झटकून घरी यायचं. ती म्हणाली, बरं. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली की माणसाने सावध व्हावं, पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ते जमलेलं नाही.

बाबा गाडी चालवायला शिकवायचे. एक मास्तर, एक गाडी, आणि तीच गाडी म्हणजे ऑफिस. शिकवणीच्या गाडीत स्टिअरिंगशेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकाऊ माणसाने घाबरून भलतंच काही केलं तर बाजूला बसलेला मास्तर आपल्या पायाने गाडी थांबवतो. बाबांचं सगळं आयुष्य त्या बाजूच्या सीटवर गेलं. घरचे सगळे कुठे निघालो तरी गाडी मी चालवायची, बाबा बाजूला, आई मागे. माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी वळण आलं की बाबांचा पाय आपोआप ब्रेकवर! मी चिडायचो. ते म्हणायचे, तुझ्यावर विश्वास आहे रे, वळणावर नाहीये.

गेल्या वर्षी ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. शिकवणी बंद पडली आणि गाडी इमारतीखाली नुसती उभी राहिली. उभी गाडी खराब होते, बॅटरी उतरते, टायर बसतात, असं मी ज्याला त्याला सांगत होतो. ते खोटं नव्हे. पण खरं कारण वेगळं होतं. रोज सकाळी कामाला निघताना ती दिसायची. बाजूच्या सीटवर नजर गेली की पुढचा सगळा दिवस वाया जायचा. मला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती.

आईला मी विचारलं. म्हणजे सांगितलं, आणि शेवटी एक ‘ना’ जोडलं. आता ती विकलेलीच बरी, ना? आई कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आई मला एकट्याला कधी ‘तुम्ही’ म्हणत नाही. त्या ‘तुम्ही’त मी, माझी बायको आणि बाबांच्या नंतरची सगळी दुनिया होती. पण माझ्या कानांना ‘करा’ एवढंच ऐकू आलं. त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी फडकं घेऊन खाली जायची आणि गाडीच्या काचा पुसत बसायची. गिऱ्हाइकाला दाखवायला पुसतेय, असं मी धरून चाललो!

गिऱ्हाईक म्हणजे बाबांचाच एक जुना विद्यार्थी. बाबा विद्यार्थ्यांना नावाने हाक मारत नसत. जो जिथे अडकला ते त्याचं नाव. एक होता हाफक्लच, एक बाई होत्या इंडिकेटर, आणि हा रिव्हर्स. याला गाडी मागे घेणं काही केल्या जमेना. पुढे त्याने नदीपलीकडे स्वतःची ड्रायव्हिंगची शाळा काढली आणि ती बाबांपेक्षा मोठी झाली. तरी तो फोनवर स्वतःची ओळख अजून ‘मी रिव्हर्स’ अशीच करून देतो. सरांची गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ देणार नाही, असं त्याने मला बजावून सांगितलं होतं. म्हणजे सगळं जमून आलं होतं.

ठरलेल्या सकाळी मी किल्ली घेऊन निघालो तर आई ठेवणीतली साडी नेसून दाराशी उभी. मीही येते म्हणाली, पोचवायला. मी सवयीने मागचं दार उघडलं. ती पुढे जाऊन बाबांच्या सीटवर बसली. मला त्यात काही वाटलं नाही. मी माझं यंत्र खोचण्यात गुंग होतो.

गल्लीतून गाडी बरी निघाली. रस्ताभर थोडी जडच वाटत होती, पण वर्षभर उभी होती, आळसावली असेल म्हटलं. नदीवरच्या पुलाचा चढ लागला आणि तिचा दमच गेला. मी एक्सिलरेटर दाबला. काही नाही. आणखी दाबला. पाय पार तळाला टेकला, तरी इंजिन आपलं झोपेत कूस बदलावी तसं गुरगुरतंय! मागे हॉर्नचा गलका सुरू झाला. एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन ओरडून गेला की तुमचा ब्रेकलाइट सारखा पेटलेला आहे. मला ते आधीच माहीत असल्यासारखी मी मान हलवली. अर्ध्या चढावर गाडीने गचका दिला आणि ती बंद पडली.

अशा वेळी दुसरा कुणी घाबरला असता. मी आईला समजावून सांगायला लागलो. जुन्या गाडीत एक्सिलरेटरला तार असायची, पाय दाबला की ती थेट इंजिनाला ओढायची. आता तसं नाही. आता पाय फक्त अर्ज करतो. अर्ज जातो इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे. तो चहूकडची खबर घेतो, हवा किती, उष्णता किती, चाकं किती फिरताहेत, आणि मग पेट्रोल किती सोडायचं ते मंजूर करतो.

“आणि कुणी एक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही दाबले तर?” आईने विचारलं.

“तर तो ब्रेकचंच ऐकतो. एक्सिलरेटरचा अर्ज बाजूला ठेवतो. गाडी हाताबाहेर जाऊ नये म्हणून.”

“शहाणा आहे,” आई म्हणाली.

तिला इतका रस वाटतोय हे बघून मला भरून आलं. मोबाइलवर तेवढ्यात बिघाडाचा निरोप आलाच होता: ब्रेक आणि एक्सिलरेटर यांच्या खबरा एकमेकींशी जुळत नाहीत. माझं निदान तयार! ब्रेकच्या पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. पाय पडला की तो कॉम्प्युटरला कळवतो आणि मागचा दिवाही लावतो. तो स्विच बिघडला होता. न दाबलेला ब्रेक दाबलाय अशी चहाडी करत होता. चार माणसांनी मिळून गाडी वळवून दिली आणि आम्ही उतारावरून परत आलो. रिव्हर्सला मी फोन करून म्हटलं, किरकोळ आहे, उद्या आणतो.

गॅरेजवाल्याने स्विच बदलला. एकट्यानेच पुलावर जाऊन, वळून परत आला. गाडी एकदम झकास, म्हणाला. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा तयार. पुन्हा तीच सीट. पुन्हा तोच पूल, आणि पुन्हा गाडीने मान टाकली!

आता गॅरेजवालाही इरेला पेटला. त्याने एक्सिलरेटरचं अख्खं पेडल बदललं. तेवढ्यावर भागेना तेव्हा म्हणाला की कॉम्प्युटरची स्मरणशक्ती पुसून बघू. गाडी ज्या पद्धतीने चालवली जाते त्यावरून तो थोडं थोडं शिकत असतो आणि त्याप्रमाणे पेट्रोलची जुळणी करत असतो. ते सगळं पुसलं की तो कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो.

मी पुसा म्हटलं आणि बाहेर जाऊन उगाच एका टायरला लाथ घातली. त्या कॉम्प्युटरला शिकवलं होतं कुणी? हाफक्लचने, इंडिकेटरबाईंनी, शेकडो घाबरलेल्या पायांनी. आणि त्या प्रत्येक पायाशेजारी बाबा बसलेले होते. त्यांच्या जाण्यानंतर मी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. कागदपत्रं, फोन, आलेगेलेले, सगळं मी पाहिलं. मुलगा खंबीर आहे हो, असं लोक म्हणाले. खंबीर माणसाने टायरला लाथ घालायची नसते, अंगठा सुजतो.

घरी येऊन आईला सांगितलं की काळजी करू नकोस, कॉम्प्युटरमधलं जुनं सगळं पुसून टाकलंय.

“सगळं?”

“सगळं.”

त्या संध्याकाळी आई काचा पुसायला गेली ती बराच वेळ वर आली नाही.

तिसऱ्या खेपेला रिव्हर्स स्वतः आला. गाडी तुमच्याकडे बिघडते, मी बघतो, असा त्याचा बाणा. पण स्टिअरिंगला हात लावायला तयार होईना. सरांची गाडी पोचेपर्यंत तुम्हीच चालवा म्हणाला आणि मागे बसला. पुढे मी आणि आई. पुलाचा चढ लागला, एक्सिलरेटर तळाला गेला आणि गाडी हळूहळू, अगदी अलगद, थांबली. मागून काहीच आवाज येईना म्हणून मी वळून पाहिलं. रिव्हर्स हात जोडून बसला होता.

“हा ब्रेक मी ओळखतो,” तो म्हणाला. “माझ्यासाठी सरांनी हजारदा दाबलाय. असाच. झटका न देता. सरांच्या मनात नाही, साहेब.”

मी त्याला समजावलं की हे विज्ञानाचं युग आहे. तो ऐकून घेईना. डोळे पुसत उतरला, आईला वाकून नमस्कार केला आणि पूल चालत उतरून गेला. आई दुसऱ्या बाजूला, नदीकडे बघत होती. मला तिची दया आली. वाटलं, बिचारीला या भाकडकथेने किती यातना होत असतील!

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, आई नसल्या की धावते आणि आई असल्या की अडते, मग तू कॉम्प्युटर कशाला तपासतोस? मी जागेवरून ताडकन उठलो. वजन! तिने एका वाक्यात प्रश्न सोडवला होता. बाजूच्या सीटखाली एखादी वायर असणार, आई बसली की ती दबत असणार. मी लगेच जुन्या पेपरांचे गठ्ठे आणि पाण्याचा कॅन मिळून आईच्या वजनाइतका ऐवज पुढच्या सीटवर रचला आणि त्याला पट्टा बांधला. फाटकावरचा पहारेकरी वाकून आत बघत म्हणाला, पाहुण्यांना कुठे घेऊन चाललात? पेपरांचे गठ्ठे घेऊन गाडी पूल चढली, पलीकडे उतरली, वळून पुन्हा चढली. वाऱ्यासारखी! त्या दिवशी मला पहिल्यांदाच माझ्या ज्ञानाविषयी शंका आली. बायकोने विचारलं तेव्हा मी सांगितलं की तपास योग्य दिशेने चालू आहे. ती म्हणाली, बरं.

मग मी शेवटचा उपाय काढला. गाडी चालू असताना कॉम्प्युटरला मिळणारी खबर त्या त्या क्षणी मोबाइलवर बघता येते. आजवर मी फक्त बिघाडाचे निरोप वाचले होते, चालता कारभार पाहिला नव्हता. सकाळी आईला बाजूला बसवलं, मोबाइल समोर उभा केला आणि इमारतीच्या आवारातच गाडी सुरू केली. माझा एक पाय क्लचवर, दुसरा एक्सिलरेटरवर. मोबाइल म्हणाला: ब्रेक दाबलेला आहे.

मी माझ्या पायांकडे पाहिलं. दोन होते, आणि दोन्ही दुसरीकडे होते.

मग मी शेजारी, खाली पाहिलं. आईच्या चपला बाजूला काढून ठेवलेल्या होत्या. तिचा अनवाणी पाय बाबांच्या ब्रेकवर होता. त्या पेडलचं रबर बाबांच्या बुटाने एका बाजूने झिजून गुळगुळीत झालं होतं आणि त्या झिजलेल्या जागेत तिने आपला पाय ठेवला होता. फार जोर नव्हता. पण दोन्ही ब्रेक आतून जोडलेले असतात, कॉम्प्युटरला तेवढं पुरत होतं.

मी इंजिन बंद केलं.

“आई, तुझा पाय ब्रेकवर आहे.”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवशी नुसता ठेवला होता,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी मागे बसले. त्यांचे पाय कुठे असायचे ते कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, ठेवून बघावा. मग तू चढावर समजावून सांगितलंस. मला वाटलं, बरं झालं, आज तरी जाणार नाही.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू मला कुठे विचारलंस? तू त्या कॉम्प्युटरला विचारत होतास.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्विच बदलला, पेडल बदललं, बाबांच्या हाताखाली शिकलेला कॉम्प्युटर कोरा करून टाकला, पेपरांच्या गठ्ठ्याला पट्टा बांधून फिरवून आणलं, आणि शेजारी बसलेल्या आईला एका शब्दाने विचारलं नाही! मी म्हटलं, राहू दे, नको विकायला, मी रिव्हर्सला कळवतो. मला वाटलं ती हसेल.

तिने पाय ब्रेकवरून काढला.

“तू रोज सकाळी या गाडीजवळून जाताना मान फिरवतोस,” ती म्हणाली. “मी वरून बघते. त्या दिवशी तर चालता चालता खांबाला धडकलास. मी काय, काचा पुसायला येत राहिले असते, पण म्हटलं, पोराला रोज सकाळी असं किती दिवस करायला लावायचं? चल. पोचवून येऊ. तो वाट बघत असेल.”

आणि तिने दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. पाय चुकूनसुद्धा खाली लागायला नको म्हणून! साडी नीट सारखी केली, पट्टा लावला आणि समोर बघत बसली. मी रिव्हर्सला फोन करून सांगितलं की बिघाड सापडला. कुठे होता, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सुटा पार्ट होता.

गाडी निघाली ती काय सांगू! मी इतके दिवस जिला आजारी समजत होतो ती एखाद्या शाळकरी पोरीसारखी पळत होती. सिग्नल हिरवे मिळाले. गल्ली मोकळी मिळाली. कधी नव्हे ते पुढच्या रिक्षावाल्यानेही बाजू दिली. पूल दिसायला लागला. मोबाइल समोर होता आणि सगळं ठीक चालल्याचं सांगत होता. ब्रेक: सुटा.

चढ सुरू झाला आणि गाडी मंदावली.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहिलं. मागून पहिला हॉर्न आला.

“आता माझा पाय नाही हं,” ती म्हणाली.

“माहितेय.”

“मग काय झालं?”

“कॉम्प्युटर काहीतरी तपासत असेल,” मी म्हटलं.

तिने चष्मा सरळ केला आणि मोबाइलकडे वाकून बघितलं.

“हे शून्य कशाचं?”

“एक्सिलरेटरचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी दाबत नाहीये.”

मी खरंच दाबत नव्हतो. पाय तिथेच होता, पेडल तिथेच होतं, आणि दोघांचं काही जमत नव्हतं. पुलाच्या पलीकडे रिव्हर्सची शाळा होती. तिथे पोचलो की किल्ली द्यायची होती, आणि मग उद्या सकाळी गाडीची जागा रिकामी असणार होती. वर्षभर मला तेच हवं होतं. गाडीने गचका दिला, इंजिन बंद पडलं आणि आम्ही हळूहळू मागे घसरायला लागलो. मला काहीच करता येईना. समोरची काच धूसर झाली होती, आणि काच तर आईने कालच पुसली होती.

आईने मांडी मोडली. पाय खाली घेतला आणि ब्रेक दाबला. अगदी बरोबर दाबला, झटका न देता. गाडी जागच्या जागी थांबली.

“रड आता,” ती म्हणाली. “मी धरलाय.”

मागच्यांनी किती वेळ हॉर्न वाजवले मला माहीत नाही. एक जण तर उतरून आमच्या खिडकीशी भांडायला आला, आणि आत बघून तसाच परत गेला. रिव्हर्सकडे आम्ही त्या दिवशी उशिरा का होईना, पोचलो. त्याने विचारलं, पुन्हा अडली का? आई म्हणाली, नाही, आज गाडी ठीक होती.